मुळांपाशी बसलेले राखणदार : पार्श्वभूमी

मुरबाड-शहापूरकडे उन्हाळ्यात आजही राब भाजलेला दिसतो. रोपवाटिकेच्या जागी शेण, पालापाचोळा, कवळं (झाडांच्या तोडलेल्या पालेदार डहाळ्या) पसरून पेटवायची आणि पावसाच्या तोंडावर तिथेच भात पेरायचा. तणाचे बी करपते, वरच्या थरातली काही रोगबीजेही मरतात. कृषी सेवा केंद्रात मिळणारी सुडोमोनास या उपयोगी जिवाणूची पावडर मात्र नेमक्या उलट विचारातून आली: माती जिवाणूंपासून रिकामी करायची नाही, तिच्यात राखणदार बसवायचे.

हा विचार बराच जुना आहे. १८७६ मध्ये जर्मनीत फर्डिनांड कोन यांनी गवताच्या काढ्यातला बॅसिलस सबटिलिस (असाच दुसरा राखणदार जिवाणू) उकळी सोसणारे बीजाणू, म्हणजे टणक सुप्त रूप, कसे बनवतो ते दाखवले. १९०४ मध्ये लोरेन्झ हिल्टनर यांनी मुळांलगतच्या मातीला स्वतंत्र नाव दिले. पिकाची रोगाशी टक्कर तिथल्या जिवाणूंवरही ठरते, असे त्यांचे म्हणणे होते.

मला सर्वांत पटणारा पुरावा गव्हाचा. एकाच शेतात वर्षानुवर्षे गहू घेतला की मुळे कुजवणारा एक बुरशीरोग आधी वाढतो आणि मग आपोआप ओसरतो. ती माती वाफवली तर हे संरक्षण जाते. न वाफवलेली थोडी माती दुसऱ्या मातीत मिसळली तर तिथे पोहोचते. पुढे उलगडा झाला, की मुळांवरचे सुडोमोनास बुरशीला मारक द्रव्य तयार करतात. १९८० मध्ये अमेरिकेत क्लोपर, श्रोथ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक युक्ती मांडली: हे जिवाणू मुळांपाशी असलेले लोह स्वतःकडे ओढतात आणि घातक जंतूंची उपासमार होते.

अडचण होती ती हे जिवाणू जिवंत शेतापर्यंत पोहोचवण्याची. बॅसिलस बीजाणूंच्या रूपात टिकतो, सुडोमोनासला ती सोय नाही. १९९० च्या दशकात कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तो शंखजिऱ्याच्या (टाल्कच्या) भुकटीत टिकवला आणि भाताच्या करपा रोगावर वापरून दाखवला. आपल्या भातपट्ट्याच्या दृष्टीने मी या कामाला फार मोठे मानतो.

भाजलेल्या वाफ्याला तर याची जास्तच गरज, असे मला वाटते. तिथे मुळाशी जो आधी बसेल, जागा त्याची. म्हणून त्या विद्यापीठाची शिफारस बियाण्यापासूनच सुरू होते: किलोला १० ग्रॅम पावडर पाण्यात कालवून बी रात्रभर भिजवायचे, आणि लावणीआधी रोपांची मुळेही पावडर कालवलेल्या पाण्यात बुडवून घ्यायची.