टोमॅटो तोडल्यावर पिकतो, मिरची नाही

टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली, दोन्ही हिरव्याची लाल होतात आणि कुंड्याही बहुतेकदा शेजारीशेजारी असतात. म्हणून दोघांची तोडणी एकाच नियमाने करायची, असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ पाहून आता वीट आलाय.

टोमॅटोचं तुम्हाला ठाऊकच आहे: बुडाशी गुलाबी छटा आली की तोडा, घरात पिकतो. फक्त खिडकीतल्या उन्हात मांडून ठेवू नका. त्याला ऊन नको, ऊब हवी. 20 ते 22 अंश पुरे. तिशीच्या वर गेलं की लाली नीट धरत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं. आणि पिकायच्या आधी फ्रिजमध्ये तर मुळीच नाही.

खरी गोची मिरचीची. तयार टोमॅटो तोडल्यावरही स्वतःच इथिलीन वायू सोडतो, त्या वायूने आणखी वायू सुटतो आणि फळ पिकत जातं. मिरचीत हे चक्र तसं फिरत नाही. टोमॅटोची आढी घालता येते, मिरचीची नाही. कोवळी हिरवी तोडलीत, तर हिरवीच खायची.

‘पण आमची ओट्यावर लाल झाली होती की!’ होते ना. ती आधीच जून झालेली असते, रंग वळायच्या बेतात असतो, तेवढा पुरा होतो. तोवर देठ वाळतो, साल सुरकुतते आणि लाल मिरचीचा तो गोडसरपणा काही येत नाही. साखर झाडाकडून यायची. ती वाट तुम्ही देठाशीच तोडलेली असते.

तेव्हा लाल हवी असेल तर झाडावरच, पार देठापर्यंत लाल होऊ द्या. देठाजवळ हिरवा पट्टा असताना हात घालणाऱ्यांना मी उतावळेच म्हणते. पेरायला बी हवं असेल तर तेही अशाच मिरचीचं. मात्र सगळ्याच पिकायला ठेवल्या तर झाड नवी फुलं धरायला कुचराई करतं. मी दोन-चार राखते, बाकी हिरव्याच तोडते.

(आणि हो, तिखटपणा बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. हे कितीदा सांगायचं?)

तोडताना टोमॅटोच्या देठावरची गाठ अंगठ्याने दाबा, फळ अलगद सुटतं. मिरचीला मात्र कात्रीच लावा. ओढलीत तर फांदीच मोडून हातात येते.