रिपोर्ट नॉर्मल, मग आग कशाची?

एक्स-रे चांगला, रक्ताचे रिपोर्ट चांगले, म्हणजे दुखणं मनाचं! घरच्यांनी असं म्हटलं तर एक वेळ समजू शकतं. दवाखान्यात हेच ऐकावं लागतं तेव्हा चीड येते. वर्षानुवर्षं तळपाय भगभगणाऱ्या माणसाच्या हाडात किंवा स्नायूत खरोखरच काही सापडत नाही. बिघाड असतो वेदनेची बातमी वाहून नेणाऱ्या चेतातंतूंमध्येच. मधुमेह, नागीण, मणक्यात दबलेली नस, बी-12 ची कमतरता, केमोथेरपी ही त्याची नेहमीची कारणं. शंभरातल्या साधारण सात ते दहा जणांना अशी चेताजन्य वेदना असते, असा अंदाज आहे.

ती ओळखायला फॅमिली डॉक्टरला मोठं यंत्र लागत नाही. 'दुखतं का?' याऐवजी 'कसं दुखतं?' असं विचारावं. आग होते, करंट बसतो, सुया टोचतात, मुंग्या येतात, ही उत्तरं बोलकी असतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या 'डीएन-4' प्रश्नावलीत असे दहा मुद्दे आहेत, सात विचारायचे आणि तीन तपासायचे. चार किंवा अधिक जुळले तर चेताजन्य वेदनेचा दाट संशय घ्यायचा. तपासणीत चक्रावून टाकणारी गोष्ट दिसते. जिथे टाचणी टोचलेली नीट कळत नाही, तिथेच नुसता ब्रश फिरवला तरी रुग्ण कळवळतो.

बधिर जागा दुखते कशी? मला या विषयातलं सर्वांत सुंदर कोडं हेच वाटतं.

स्पर्शाची बातमी जाड ए-बीटा तंतू नेतात, सेकंदाला 30 ते 70 मीटर वेगाने. जळजळणारी वेदना नेणारे सी तंतू बारीक, त्यांचा वेग मीटरभर. इजा झालेल्या तंतूच्या पटलावर, म्हणजे त्याच्या पातळ आवरणावर, सोडियम आत सोडणाऱ्या वाहिन्या गोळा होतात आणि तो विनाकारण संदेश सोडू लागतो. बाहेरची बातमी पोचत नाही, खोटी मात्र अखंड येते. या माऱ्याने मज्जारज्जूतल्या पेशीवर ग्लुटामेट हे पेशीला चेतवणारं रसायन साचतं. ग्लुटामेटचा संदेश घेणाऱ्या तिथल्या एनएमडीए ग्राहकाचं (रिसेप्टरचं) तोंड एरवी मॅग्नेशियमच्या आयनाने बुचासारखं बंद असतं. पेशीचा विद्युतभार पुरेसा बदलला की बूच उडतं, कॅल्शियम आत शिरतं, विकरं जागी होतात आणि पेशी हळवी होते. दुसरीकडे पेशीतला क्लोराइड बाहेर काढणारा केसीसी-2 हा पंप मंदावतो, त्यामुळे गाबा या पेशीला शांत ठेवणाऱ्या रसायनाचा लगाम सैल पडतो. आता ए-बीटाने आणलेली साध्या स्पर्शाची बातमीसुद्धा वेदनेच्या मार्गाला लागते. म्हणून अंगावरची चादरही सोसवत नाही. मज्जारज्जू असा बदलतो, हे चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवर दाखवलं.

नेहमीची नर्व्ह कंडक्शन तपासणी जाड तंतूंचाच वेग मोजते. बिघाड फक्त बारीक तंतूंत असेल तर तोही रिपोर्ट नॉर्मल येतो!

दुखण्याची जागाही बोलते. मधुमेहात दोन्ही पायांच्या बोटांपासून वर मोज्यासारखी, नागिणीत एकाच बाजूला पट्ट्यासारखी. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत निव्वळ थोतांड आहे. तिचा विषाणू बहुधा एकाच बाजूच्या एका चेतागंडातून, म्हणजे मणक्याजवळच्या चेतापेशींच्या गाठीतून, जागा होतो, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेशी थांबतो. मंत्र घालण्यात दिवस घालवू नयेत. विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झालेल्या बऱ्या.

सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामकांचा इथे फारसा उपयोग नसतो. अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गाबापेंटिन ही औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत नेतात, आणि वेदना निम्मी झाली तरी ते यशच मानतात. 'नसांचं टॉनिक' म्हणून सरसकट टोचली जाणारी बी-12 ची इंजेक्शनं मात्र कमतरता असेल तरच कामाची. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांत ती असू शकते, तेव्हा तपासून घ्यावी.

कंबरदुखीबरोबर लघवी अडली, किंवा जांघेत आणि बैठकीच्या जागेवर बधिरपणा आला, तर प्रश्नावली बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं.