नेटवर्क विभागणी

संस्थेच्या संगणक नेटवर्कचे कामानुसार वेगळे भाग पाडून, त्यांच्यातील वाहतूक फायरवॉलमधून (नियमांनुसार वाहतूक सोडणाऱ्या किंवा अडवणाऱ्या यंत्रणेतून) आणि ठरवून दिलेल्या वाटेनेच जाऊ देण्याची पद्धत. इंटरनेटच्या वेशीवरील फायरवॉल परक्याला बाहेर अडवते. विभागणी मात्र तो आत शिरला आहे असे धरूनच केली जाते. त्याने एका भागापलीकडे जाऊ नये, एवढाच तिचा हेतू.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या मर्स्क समूहाच्या कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प केले. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. तेथील एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज वाहतूक समूहाच्या जगभरच्या नेटवर्कमधून उरणपर्यंत पोचला. नॉटपेट्या विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेई तिचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण एका संगणकाच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलून नॉटपेट्या पॅच लावलेल्या संगणकांतही घुसत असे. नुसत्या पॅचने भागणारे ते प्रकरण नव्हते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील किंवा वागळे इस्टेटमधील मध्यम कारखान्यात साधारण सहा व्हीलॅन (त्याच तारा-स्विचवर पाडलेले, क्रमांक दिलेले वेगळे भाग) पुरतात: कार्यालयीन संगणक १०, टॅली व फाइल सर्व्हर २०, यंत्रांचे पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक) ३०, कॅमेरे व एनव्हीआर (त्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) ४०, पाहुण्यांचे वाय-फाय ५०, स्विच-फायरवॉलचे व्यवस्थापन ९९. आकडे सोयीचे, १ ते ४०९४ मधला कोणताही चालतो, मात्र स्विचसोबत आयता येणारा १ वापरू नये. आधी जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची यादी करावी. मग महिनाभर काहीही न अडवता कोण कोणाशी बोलते त्याचे लॉग (नोंदी) घ्यावेत. महिनाअखेरचा पगार आणि जीएसटीचे काम त्यात यायला हवे. त्यावरून नियम लिहावेत. उदाहरणार्थ, हिशेब विभागातून टॅली सर्व्हरचा पोर्ट (ठरावीक सेवेचे क्रमांकित दार) ९००० खुला, देखभालीच्या एकाच संगणकातून पीएलसीशी बोलण्याच्या मॉडबस या पद्धतीचा पोर्ट ५०२ खुला, आणि शेवटची ओळ ‘बाकी सर्व बंद’. ही ओळ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लागू करावी.

फसते ते बहुधा इथे: व्हीलॅन पाडले जातात, पण लेयर-३ स्विच (एका भागातून दुसऱ्या भागात वाहतूक नेऊ शकणारा स्विच) त्यांच्यात परस्पर राउटिंग करत राहतो आणि वाहतूक फायरवॉलपर्यंत जातच नाही. अशी विभागणी कागदावरचीच. एकाच व्हीलॅनमधील दोन संगणकांची वाहतूकही फायरवॉलला दिसत नाही, म्हणून प्रत्येक संगणकाच्या विंडोज फायरवॉलमध्ये इतर संगणकांकडून येणारे ४४५ (फाइल देवाणघेवाण) आणि ३३८९ (दुरून संगणक चालवणे) हे पोर्ट बंद करावे लागतात. यंत्र पुरवणाऱ्याने दुरुस्तीसाठी ठेवलेले एनीडेस्क (दुरून संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर) किंवा दोन लॅन कार्डांनी दोन भागांना जोडलेला संगणक सगळ्या भिंतींना बगल देतो. घाईत ‘तात्पुरता’ म्हणून घातलेला सर्वांना सर्व मोकळे करणारा नियम तर वर्षानुवर्षे टिकतो. प्रत्येक नियमावर मुदत आणि मागणाऱ्याचे नाव असावे.

बॅकअप वेगळ्या भागात, वेगळ्या पासवर्डने ठेवावा आणि एक प्रत पूर्ण तोडलेली असावी. नॉटपेट्याच्या वेळी मर्स्कचे डोमेन कंट्रोलर (सर्वांची खाती व पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांच्या प्रती होते, त्यामुळे ते एकत्रच गेले. वीज गेल्याने बंद पडलेला घानामधला एक तेवढा वाचला.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणे आणि लॉग १८० दिवस राखणे बंधनकारक आहे. लहान फायरवॉलमधली जागा इतके दिवस क्वचितच पुरते; लॉग वेगळ्या सर्व्हरवर पाठवावेत आणि तो सर्व्हर व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्ये ठेवावा.