कीटकनाशक, मासा आणि ‘संरक्षण’ हा शब्द

कपाशीवर फवारणी आणि तलावात मत्स्यबीज, नागपूर भागात दोन्ही पावसाळ्यातच. रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांधीतलं पाणी उतरत उतरत मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावात येतं. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्यांची जमीनदारी, १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले, मासेमारी ढिवरांच्या संस्थांकडे राहिली. या पाण्यातल्या माशाला जीवनसत्त्व क आणि ई देऊन वाचवता येईल का, हा प्रश्न मात्र बराच अलीकडचा आहे.

जीवनसत्त्व ई १९२२ मध्ये कळलं, क १९२८ मध्ये वेगळं काढलं गेलं, तेव्हा मासा कुणाच्या डोक्यातही नव्हता. रोहू-कटलासारख्या बहुतेक हाडांच्या माशांना क स्वतः तयार करता येत नाही. खाद्यात ते नसलं तर कणा वाकडा होतो, हे १९६०च्या दशकात मत्स्यपालनात लक्षात आलं. १९६९ मध्ये पेशी गंजवणाऱ्या मुक्त कणांना आवरणाऱ्या एका विकराचा शोध लागला आणि विषबाधा मोजायला नवी फूटपट्टी मिळाली. क आणि ई हीसुद्धा या कणांना आवरतात, म्हणून ती यात आली. पुढे आपल्याकडे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांतून एंडोसल्फान, क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिन आणि त्यासमोर रोहू नाहीतर मागूर, असे प्रयोग होऊ लागले. एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. बाकीची दोन दुकानात आहेतच.

सगळा घोळ ‘संरक्षण’ या एका शब्दात आहे. अशा प्रयोगात काचेच्या टाकीत मासे ठेवतात. ९६ तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा आधी काढून घेतात, मग तिचा लहानसा अंश पाण्यात घालतात आणि एका गटाला जीवनसत्त्वयुक्त खाद्य देतात. यकृतात, कल्ल्यांत चरबीचं ऑक्सिडीकरण कमी दिसलं की निष्कर्षात ‘संरक्षण’ येतं. म्हणजे मोजलेलं असतं पेशीचं गंजणं, आणि वाचणाऱ्याला वाटतं मासा वाचला. क्लोरपायरिफॉसचा मुख्य मार तर निराळाच. ते मज्जातंतूंच्या संदेशाला आवर घालणाऱ्या विकराला चिकटून बसतं, आणि ते बंधन सोडवणं हे क किंवा ई जीवनसत्त्वाचं काम नव्हे. सायपरमेथ्रिन मज्जातंतूंचे सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतं, तिथंही तेच. ‘नुकसान सौम्य झालं’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. शिवाय जीवनसत्त्व विषाच्या आधी दिलं की सोबत, हे प्रत्येक प्रयोगात वेगळं, त्यामुळे दोन निकाल शेजारी ठेवायचीही पंचाईत. लोहाच्या सान्निध्यात क उलटं ऑक्सिडीकरण वाढवूही शकतं, ते तर तळटीपेत जातं.

२००२ मध्ये बीटी कपाशी आली, तेव्हा फवारण्या घटतील असं सांगितलं गेलं. बोंडअळीच्या फवारण्या काही वर्षं घटल्याही. मग रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळी परतली. २०१७ मध्ये विदर्भातल्याच यवतमाळात फवारणी करणारी माणसंच दगावली, तेव्हा विषबाधेची चर्चा झाली ती माणसांची. तलावाकडे कोण बघतो!

इथला मासा तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड खातो, बाकी तलावातलं शेवाळ-प्लवक. कोंड्या-पेंडीत क जवळजवळ नसतं. वरून मिसळलं तर साठवणुकीत उडतं, उरलेलं पाण्यात विरघळतं. फॉस्फेटला बांधलेलं टिकाऊ क नंतर बाजारात आलं. ते कारखान्याच्या गोळीखाद्यात असतं, आणि मामा तलावात गोळीखाद्य क्वचितच पडतं.