छातीवरचं रक्त आणि सापसंदाची वेल

पावसाळा सरला की दाजीपूरच्या रानात झाडांच्या शेंड्यांवरून सदर्न बर्डविंग हे फुलपाखरू तरंगत जातं. लांबून पाखरूच वाटतं. घाणेरीच्या फुलांवर उतरलं की काळ्या पंखांमागचा सोनपिवळा रंग उघडतो, आणि मानेपाशी लाल रंग दिसतो. राधानगरीला फुलपाखरं बघायला येणाऱ्यांनी या लाल रंगाकडे जरूर बघावं, कारण त्याच्या प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, नावाचं मूळ तिथं आहे.

१७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने सगळी फुलपाखरं 'पॅपिलिओ' या एकाच प्रजातीत घातली. त्यांतल्या मोठ्या, देखण्या फुलपाखरांना त्याने सरदार म्हटलं आणि ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉयच्या युद्धावरून त्यांच्या दोन फळ्या केल्या. छातीवर रक्तासारखे डाग असलेले ट्रॉयचे, डाग नसलेले ग्रीकांचे. जेकब ह्यूब्नरने १८१९ मध्ये 'ट्रॉइडीस' ही प्रजाती वेगळी काढली, ती त्या ट्रॉयच्या फळीचं नाव घेऊनच. बॉइसदुवालने १८३२ साली दिलेलं 'ऑर्निथॉप्टेरा', म्हणजे पक्षीपंखी, हे नाव आता न्यू गिनी, ऑस्ट्रेलियाकडच्या भाईबंदांना उरलं आहे. आपल्या रानातली जात म्हणजे 'मिनॉस'. क्रेमरने तिचं नाव १७७९ मध्येच ठेवलं होतं, पण पुढे बराच काळ ती 'हेलेना' या दुसऱ्या जातीची उपजात म्हणून मोजली गेली. आज ती स्वतंत्र जात आहे.

गट पाडताना नुसत्या लाल डागावर विसंबून मात्र भागत नाही. आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन. त्याच्याही पंखांच्या मुळाशी लाल डाग असतात, पण त्याचा सुरवंट लिंबाच्या कुळातली पानं खातो. बर्डविंगचा सुरवंट वाढतो सापसंदाच्या कुळातल्या वेलींवर. त्या पानांतलं विष त्याच्या अंगात साठतं, फुलपाखरू झाल्यावरही राहतं, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासक सुरवंटाचं खाणं पाहून गट पाडू लागले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच. कोल्हापुरातल्या बागांतही दिसणारं कॉमन रोझ फुलपाखरू बर्डविंगच्या मानाने केवढंसं, पण तेही सापसंदावरच वाढतं, म्हणून दोघं एकाच गटात, ट्रॉइडिनीत, बसली.

तेव्हा बांध साफ करताना सापसंदाची वेल तण समजून उपटू नका. पान उलटून बघा. लालसर, मांसल काटे असलेला सुरवंट तिथं चिकटलेला असू शकतो.