चाकोरी बुजत नाही, शेजारून वाट पडते

सांत्वनाला गेलं की आपण सहज म्हणतो, ‘झालं गेलं गंगेला मिळालं.’ मेंदूतून मात्र असं काही वाहून जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत असताना दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. त्यानंतर कितीतरी दिवस लातूर-धाराशिवच्या त्या पट्ट्यात माणसं छताखाली झोपायला धजत नव्हती. हा भित्रेपणा नव्हे. मेंदू आपलं काम चोख करत होता.

दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो, अमिग्डाला. संकटाच्या वेळी आजूबाजूला जे असेल ते सगळं तो धोक्याशी बांधून ठेवतो : आवाज, वास, वेळ, जागा. पुढे रात्री शेजारून ट्रॅक्टर गेला, जमीन किंचित थरथरली, की विचार करायच्या आत छाती धडधडू लागते. भूकंपच कशाला? हातची सोयाबीन पाण्यात गेली, घरच्यांच्या आशा लावलेल्या परीक्षेत नापास झालं, संसार मोडला, तरी बांधणी अशीच होते.

पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने फार पूर्वी एक गोष्ट नोंदवली होती. आवाजापाठोपाठ अन्न देत गेलं की नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटू लागते. मग अन्न न देता आवाज करत राहिलं, की लाळ थांबते. पण थोडा काळ मध्ये जाऊ दिला आणि पुन्हा आवाज केला, तर ती परत येते. जुनं शिकलेलं पुसलं गेलेलंच नसतं, त्याच्यावर नवं शिकणं बसलेलं असतं. मार्क बाउटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी पुढे दाखवलं, की हे नवं शिकणं जिथे झालं त्या जागेला चिकटून राहतं आणि जागा बदलली की जुनी भीती पुन्हा डोकं वर काढते. काळ्या रानातल्या चाकोरीसारखं आहे हे. शेजारून नवी वाट पाडली तरी पहिल्या पावसात बैलगाडीचं चाक जुन्या खाचेत घसरतंच. म्हणून ‘विसरून जा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. काम करायचं ते नव्या वाटेवर.

ते कसं? लातूरच्या ट्यूशन एरियात दोन वर्षं नीटची तयारी करून नंबर न लागलेला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो आता त्या रस्त्याने जात नाही, मित्रांचे फोन उचलत नाही, लग्नकार्य टाळतो. प्रत्येक वेळी टाळलं की हायसं वाटतं, आणि खरी मेख तिथेच आहे. त्या सुटकेतून मेंदू शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला टाळण्याची ओढ आणखी वाढते.

त्याने टाळलेल्या गोष्टी एका कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीला ० ते १० मध्ये भीतीचा आकडा द्यावा. जुन्या बॅचचा ग्रुप उघडणं ३, एका मित्राला फोन ४, क्लासच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर अर्धा तास बसणं ६, मामाकडच्या लग्नात पंगतीला बसणं ८. सुरुवात ३-४ पासून, मग एकेक पायरी वर. जाण्याआधी आपला अंदाज एका ओळीत लिहायचा : ‘मामा सगळ्यांसमोर विचारतील आणि मला तोंडातून शब्द फुटणार नाही.’ आल्यावर खाली लिहायचं, खरंच काय घडलं. मामांनी विचारलंच असेल, पण ‘नंबर नाही लागला मामा, बीएस्सीला प्रवेश घेतलाय’ एवढं बोलता आलं, तर अंदाज चुकला. नवं शिकणं या चुकलेल्या अंदाजातून होतं. भीती शून्यावर यायची वाट पाहत बसू नये.

इथे तीन चुका हमखास होतात. भीती ऐन टोकाला असताना उठून येणं ही पहिली, कारण अंदाज तपासायच्या आतच सुटका होते. दुसरी म्हणजे कानात हेडफोन घालून किंवा मोबाइलमध्ये मान घालून बसणं. मग श्रेय मोबाइलला जातं. तिसरी, सगळा सराव एकाच टपरीवर करणं. जागा, वेळ, सोबतची माणसं बदलत राहावीत, आठवड्यातून तीन-चार वेळा तरी.

जोडीला लिहिण्याचा एक उपाय आहे. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहिलं होतं. शुद्धलेखन पाहायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर नंतर फाडून टाकायचं. फक्त काय घडलं एवढंच न लिहिता तेव्हा काय वाटलं तेही लिहायचं. लिहून झाल्यावर तास-दोन तास मन जड होतं, म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नये. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘आता कळतंय’ असे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. चारही दिवस तीच तक्रार त्याच शब्दांत उतरत असेल तर ते नुसतं उगाळणं आहे, थांबलेलं बरं. २००६ मध्ये १४६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम लहानच निघाला. तेव्हा यावर सगळी भिस्त ठेवू नये. प्रसंग ताजा असताना, पहिल्या काही आठवड्यांत तर हे करूच नये.

अत्याचार, अपघात, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू अशा आघातांवर पायऱ्यांचा हा सराव एकट्याने करू नये, प्रशिक्षित माणूस सोबत हवा. महिना उलटूनही तोच प्रसंग स्वप्नात येतो, झोप लागत नाही, जगणं नको वाटतं, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सरावात महिनाभर बरं चाललेलं असताना निकालाचा दिवस किंवा वर्षश्राद्ध येतं आणि जुनी धडधड परतते. तारीख हीसुद्धा एक जागाच आहे. त्या आठवड्यात यादीतली एक पायरी खाली उतरावं, दोन-तीन दिवस तिथेच सराव करावा आणि पुन्हा वर जावं. घरच्यांनी त्या दिवसांत ‘अजून तेच का धरून बसलास?’ असं विचारू नये. तो बाहेरून आला की पाण्याचा तांब्या द्यावा आणि विचारावं, ‘आज आकडा किती होता रे?’