दोन तारांमधली वजाबाकी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाइंग युनिटमध्ये टाकीचं तापमान कॉम्प्युटरवर घ्यायचं काम माझ्याकडे होतं. पाणी ६० अंशांवर, काचेचा थर्मामीटरही तेच सांगत होता. पण पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) सुरू झाला की स्क्रीनवरचा आकडा नव्वदीकडे उड्या मारायचा.

टाकीत के-टाइप थर्मोकपल होता, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड. तापला की तो अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे १ मिलिव्होल्टचा घोळ झाला की २४ अंशांचा घोळ. मी जोडणी सिंगल-एन्डेड केली होती, म्हणजे एक तार कॉम्प्युटरच्या मापन-कार्डावरच्या चॅनेलला (इनपुटला), दुसरी ग्राउंडला. टाकीच्या आणि पॅनेलच्या अर्थिंगमधला फरक आयताच तापमानात मिसळत होता.

हे दुखणं जुनं आहे. व्हीटस्टनचा म्हणून आपण शिकतो तो ब्रिज (रेझिस्टन्स मोजायचं सर्किट) सॅम्युएल हंटर ख्रिस्टीने १८३३ मध्ये मांडला. व्हीटस्टनने १८४३ मध्ये तो लोकांपुढे आणला आणि नाव त्याचं लागलं. त्यातला गॅल्व्हानोमीटर, म्हणजे बारीक करंट दाखवणारा काटा, दोन बिंदूंमध्ये बसतो, जमिनीशी त्याचं देणंघेणं नाही. व्हॉल्व्हचे (इलेक्ट्रॉनिक नळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर आले तेव्हा मात्र इनपुटचं एक टोक सहसा ग्राउंडलाच बांधलेलं असे. मेंदूतले मायक्रोव्होल्ट मोजणाऱ्यांना ते फार नडलं, कारण माणसाचं अंगच वायरिंगची घरघर पकडतं. ती घरघर दोन्ही तारांवर सारखीच येते, मग एकीतून दुसरी वजा करा की संपलं. केंब्रिजच्या ब्रायन मॅथ्यूजने १९३४ मध्ये असा डिफरन्शियल, म्हणजे दोन तारांमधला फरकच घेणारा, अ‍ॅम्प्लिफायर मांडला. अ‍ॅलन ब्लमलाइनचं ‘लाँग-टेल्ड पेअर’चं, म्हणजे अशी वजाबाकी करणाऱ्या जोडीचं, पेटंट १९३६ चं. आजच्या बहुतेक ऑप-अँपच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपच्या) तोंडाशी तीच जोडी बसलेली असते.

वजाबाकी पूर्ण कधीच होत नाही. कॉमन-मोड रिजेक्शन (दोन्ही तारांवर सारखं येणारं गाळण्याची ताकद) ८० डेसिबल असेल, तर दोन्ही तारांवरच्या १ व्होल्टमधला ०.१ मिलिव्होल्ट उरतोच, म्हणजे अडीच अंश.

शिवाय डिफरन्शियल जोडणीत दोन्ही तारा चॅनेललाच जातात, म्हणून एका मापाला दोन इनपुट लागतात. १६ चॅनेलच्या कार्डावर आठच मापं होणार म्हटल्यावर मालक म्हणाले, “सोळाचे पैसे दिलेत की हो मी!”

पहिली टाकी डिफरन्शियलवर शहाण्यासारखी वागू लागली. दुसरीत थर्मोकपल इन्सुलेटेड होता. दोन्ही तारा अधांतरी, म्हणून इनपुटमधून सतत वाहणारा बारीकसा करंट (बायस करंट) जाणार कुठे? आकडा सरकत सरकत टोकाला जाऊन चिकटला. मायनस तारेपासून ग्राउंडला १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावला, तेव्हा ६० दिसले.